थोमाला एकट्यालाच का बोल लावता?

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

ईस्टरच्या पुरवणीत तुम्ही आमच्या सणाला अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार मानते, कारण एरवी नाताळचा केक आणि चांदणी सोडली तर मराठी पेपरला आमची आठवण होत नाही. पण त्या लेखात एक वाक्य होतं की येशूच्या शिष्यांमधे थोमा तेवढा अविश्वासू निघाला, आणि त्यावरून धडा काय तर देवाच्या बाबतीत शंका घेऊ नये. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमधे) सुद्धा ईस्टरनंतरच्या रविवारी हेच सांगतात, मी सत्तरीला आले, संडे स्कूलपासून दरवर्षी हा एकच थोमा ऐकतेय. मुलगा जरा उलट बोलला की "आला बघा आमचा थोमा". बिचाऱ्याचं नावच शिवीसारखं झालंय.

मी नर्स होते, पस्तीस वर्षं नोकरी केली, देवशास्त्राची पदवी बिदवी माझ्याकडे नाही. पण शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली येशूची चरित्रं, वाचता येतात आणि चष्मा लावला की अजून नीट दिसतं. तर योहानाच्या पुस्तकात हा थोमा तीन ठिकाणी बोलतो आणि आम्ही फक्त तिसरं ठिकाण लक्षात ठेवलंय. पहिल्यांदा अकराव्या अध्यायात. येशूचा मित्र लाजर मेलाय, येशू म्हणतो चला परत यहूदीयात, बाकीचे घाबरलेत कारण तिथले लोक नुकतेच दगड मारायला उठले होते, आणि तेव्हा हाच थोमा म्हणतो की चला आपणही जाऊ, मरू त्याच्याबरोबर. हा म्हणे अविश्वासू! दुसऱ्यांदा चौदाव्या अध्यायात, शेवटचं भोजन झालंय, येशू सांगतोय मी जातो तिकडची वाट तुम्हाला माहीत आहे, सगळे माना डोलावत बसलेत (डोलावतच असणार, आपण उपदेशाला डोलावतो तशा) आणि थोमा एकटा म्हणतो, प्रभू, तुम्ही कुठे जाताय तेच आम्हाला माहीत नाही तर वाट कशी माहीत असणार. त्यावर जे उत्तर आलं ते "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे". आता हे वचन आमच्या लोकांच्या घरी कॅलेंडरवर असतं, रिक्षाच्या मागे असतं, कबरीवरच्या फरशीवर असतं. ते मिळालं कुणामुळे, तर ज्याला कळलं नव्हतं आणि ज्याने तसं तोंडाने सांगितलं त्याच्यामुळे. त्या दिवशी थोमासुद्धा गप बसला असता तर?

आणि तिसरं ठिकाण, विसावा अध्याय, येशू मेलेल्यांतून उठलाय हे ऐकून थोमा खिळ्यांचे वण बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला तो प्रसंग. तिथेही चार-पाच वचनं वर जाऊन वाचलं तर कळतं की बाकीच्या शिष्यांना येशूने आपले हात आणि कूस आधीच दाखवली होती. थोमा त्या संध्याकाळी नव्हता एवढंच. म्हणजे बाकीच्यांना मिळालं तेवढंच त्याने मागितलं, जास्त काही नाही. आणि लूक तर सांगतो की कबर रिकामी असल्याचं बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, तर मग त्या सगळ्यांना का कोणी अविश्वासू म्हणत नाही? बायकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही तर तो अविश्वास धरत नसतील बहुतेक. असो.

मला जास्त आवडतं ते पुढचं. लिहिलंय की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. आठ दिवस! एक माणूस रोज म्हणतोय मला पटत नाही, आणि दहा जण म्हणतायत आम्ही डोळ्यांनी बघितलं, तरी त्याला कुणी बाहेर काढलं नाही आणि तोही रुसून निघून गेला नाही. भाकरी एकत्रच खाल्ली असणार. मग येशू आला, त्याला म्हणाला ये, बघ, हात लाव. त्याने हात लावला असं काही लिहिलेलं नाही, एकदम "माझा प्रभू व माझा देव" असं म्हणाला. तिथे येशूला सरळ देव म्हणणारा तोच. आता "पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य" हे वचन पुढे आहेच, ते मी लपवत नाही, पण ते म्हणण्याआधी येशू त्याच्या एकट्यासाठी परत आला हे कसं विसरायचं. आणि पुढे हा थोमा आपल्या भारतात आला अशी केरळातल्या ख्रिस्ती लोकांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे, इसवी सन 52 सांगतात, चेन्नईला त्याच्या नावाची टेकडी आहे. परंपरा आहे म्हणा, पण लोकांनी एवढ्या लांबवर नाव जपलं ते शंकेखोराचं.

हे सगळं आत्ताच का लिहायला बसले ते सांगते. माझी नात पंधरा वर्षांची आहे, दृढीकरणाच्या वर्गाला (मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करतात, त्याच्या तयारीला) जात होती. तिथे तिने विचारलं की आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, काही बरे होतात काही मरतात, प्रार्थना न करणाऱ्यांचंही तसंच होतं, मग आपण नक्की काय मागतो? चांगला प्रश्न आहे, मला या वयात पडतो. तिला उत्तर मिळालं की असे प्रश्न सैतान मनात घालतो, विश्वास ठेवायचा. घरी आली, जेवली नाही, आणि मला म्हणाली, "आजी, माझ्यात सैतान आहे का गं?" वर्ग कुठला, शिकवणारे कोण हे मी लिहिणार नाही, माणूस वाईट नाही, त्यांनाही त्यांच्या लहानपणी कुणीतरी असंच गप्प बसवलं असेल. पण पोरगी आता रविवारी डोकं दुखतंय म्हणते.

आपल्या मराठीत बघा, शंका वेगळी आणि संशय वेगळा. शंका वर्गात विचारतात, मास्तर स्वतः म्हणतात काही शंका असतील तर विचारा, शंकासमाधान असा चांगला शब्द आहे. संशय नवरा बायकोवर घेतो, पोलीस चोरावर घेतात. आमच्या पवित्र शास्त्राच्या मराठीत बऱ्याच जागी संशय हाच शब्द आलाय आणि मला वाटतं त्यामुळेही गडबड झाली असेल, कारण तो शब्द ऐकला की वाटतं माणूस देवाच्या चारित्र्यावरच बोट दाखवतोय. त्यात आपल्या आजूबाजूला "संशयात्मा विनश्यति" लहानपणापासून कानावर पडलेलं, ते गीतेतलं असलं तरी आमचे ख्रिस्ती लोकही बिनधास्त वापरतात!

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन मला तोंडावर फेकलं जाणार हे माहीत आहे म्हणून आधीच घेते. याकोब म्हणतो संशय न धरता विश्वासाने मागा, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. बरोबर आहे. पण ते सहावं वचन आहे, पाचवं वाचा. तुमच्यापैकी कुणाला ज्ञान कमी असेल तर त्याने देवाकडे मागावं, देव दोष न लावता देतो. दोष न लावता! म्हणजे मला समजत नाही असं म्हणत जो येतो त्याला देव बोल लावत नाही आणि आम्ही मात्र लावतो. लाट कोण, तर जो दोन दगडांवर पाय ठेवून बसतो, इकडे मंडळीत हात वर करून स्तुती आणि तिकडे धंद्यात देव बीव काही नाही. पंधरा वर्षांची पोर खरं बोलते ती लाट नाही.

आता माझ्या घरचं. माझे मिस्टर 2011 साली गेले, स्वादुपिंडाचा कॅन्सर. रिपोर्ट मी वाचला होता, नर्स असल्यामुळे मला पहिल्याच दिवशी कळलं की हे काही महिन्यांचं काम आहे. घरात प्रार्थना सभा झाल्या, उपास झाले, तेल लावून प्रार्थना झाली, सगळ्यात मी बसले, आमेन म्हटलं. एक बाहेरगावचे प्रचारक आले होते, त्यांनी डोळे मिटून सांगितलं की या घरात कुणीतरी अविश्वास धरून बसलंय म्हणून बरं होणं अडलंय. खोलीत आठ-नऊ माणसं होती आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण डॉक्टरांशी मी बोलायचे, मॉर्फिनचं मी बघायचे. मिस्टर गेल्यावर कुणी तोंडाने बोललं नाही पण मी मात्र कितीतरी रात्री हाच हिशोब केला की मी रिपोर्ट वाचला नसता तर जगले असते का. मी शिकलेली बाई, पस्तीस वर्षं मरणं बघितलेली, तरी हा हिशोब करत होते, मग ज्यांनी कधी रिपोर्ट बघितलेला नसतो त्यांचं काय होत असेल विचार करा. चौदा महिने चर्चला गेले नाही.

परत आले ती उपदेशाने नाही. आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या बायबल वुमन (घरोघरी जाऊन शास्त्र सांगणाऱ्या बाई) होत्या, आता त्या नाहीत, त्या दर गुरुवारी दुपारी यायच्या. शास्त्र उघडायच्या नाहीत. चहा व्हायचा, कधी मेथी निवडून द्यायच्या. एकदा मी चिडून म्हटलं की देवाने हे का केलं ते सांगा, तुम्ही एवढं शास्त्र शिकलात. तर म्हणाल्या, "मला पण माहीत नाही गं बाई. माझा लेक गेला तेव्हापासून विचारतेय." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, स्तोत्र 88 वाचलंयस का. मी वाचलं नव्हतं, कारण ते उपासनेला कुणी लावत नाही. ते काळोखावर संपतं. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटी जरा वळण घेतात, देवाचे उपकार मानतात, हे नाही घेत, शेवटपर्यंत तो माणूस विचारतो की तू तोंड का लपवतोस, आणि तसंच संपतं. आणि तरी ते बायबलच्या दीडशे स्तोत्रांमधे ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. माझ्यासाठी तो दिवस मोठा होता एवढंच सांगते. म्हणजे असंही देवाशी बोलता येतं, आणि तेही शास्त्रच आहे.

आमच्याकडे साक्षीच्या सभा असतात, त्यात बरे झालेले लोक पुढे येऊन साक्ष देतात आणि चांगलंच आहे, आनंद आहे. पण जे बरे झाले नाहीत त्यांच्या घरच्यांना कधी कुणी माईक दिला? त्यांच्याकडे साक्ष नाही का? माझ्या मते जास्त आहे.

बालरुग्णांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं होते, तिथे रात्रीच्या ड्युटीला मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप मी कितीदा बघितलाय. मुलाला फेफरं येतं, शिष्यांना काही जमलं नाही, बाप येशूला म्हणतो काही करता आलं तर करा. मग ओरडतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एका दमात दोन्ही. वॉर्डातले बापही तसेच असायचे, हिंदू असो मुसलमान असो ख्रिस्ती असो, एका हातात ताईत किंवा बायबल आणि दुसऱ्या हाताने माझा कोट धरून विचारायचे सिस्टर खरं सांगा. त्या बापाला येशू म्हणाला नाही की आधी तुझं टक्केवारीचं बघ मग मुलाचं बघतो. मुलगा बरा केला. आमच्या मेट्रन बाई शिकवायच्या, डोसबद्दल शंका आली तर इंजेक्शन भरू नका, विचारा, कितीही वरिष्ठ डॉक्टरने लिहिलेलं असो, विचारा, रागावले तर रागावू देत. हे मला देवळात कुणी शिकवलं नाही, वॉर्डात शिकवलं.

आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तरी प्रश्नांना घाबरू नये, आपलं घरच प्रश्न विचारणाऱ्यांनी बांधलंय. पंडिता रमाबाई बघा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण डोळ्यादेखत गेली, तीर्थं केली, व्रतं केली, देव धावला नाही, तेव्हापासून ही बाई जे काही समोर येईल ते तपासून घ्यायला लागली. 1883 मधे इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, लोकांना वाटलं आता झालं, पण त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांवर पत्रं लिहून भंडावून सोडलं, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) कसं, हा मतांगिकार (विश्वासाची ठरलेली कबुली) मी का म्हणायचा, शास्त्रात कुठे आहे दाखवा. एका पत्रात तर अशा अर्थाचं लिहिलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवलीय, आता तसलंच दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही. सिस्टर बाईंना गर्व वाटला तो. आणि रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितलंय की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, त्याला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. आठ वर्षं! आमच्या एखाद्या मंडळीत असत्या तर आठव्या महिन्यात कुणीतरी त्यांना मागे हटलेली बहीण म्हणून टाकलं असतं आणि निराधार बायकांसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन झालं नसतं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत अख्खं बायबल भाषांतर केलं, 1922 ला वारल्या तोपर्यंत ते काम चालू होतं. जिला शब्द पटल्याशिवाय तोंडातून निघत नाही तीच असलं काम करू शकते.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर आमच्या नगरला (आता अहिल्यानगर लिहायचं, हाताला सवय होतेय) घरातल्या माणसासारखं आहे. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला, बाई हादरल्या, कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या, नंतर नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं लगेच सोडलं नाही. एकेक गाठ स्वतः सोडवली, जात देवाने केली का माणसाने इथपासून. 1900 साली बाप्तिस्मा. मधली पाच वर्षं टिळकांनी, एवढा तापट माणूस, त्यांना ओढत नेलं नाही. आणि स्मृतिचित्रे वाचली तर कळतं की नंतरही बाईंनी देवाची आणि टिळकांची दोघांची थट्टा सोडलेली नाही, आणि त्या हसण्यातच त्यांची भक्ती आहे असं मला वाटतं. टिळक स्वतः म्हणायचे मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आता तुकोबा म्हणजे "माझे लेखी देव मेला" असं देवालाच सुनावणारा माणूस, आणि सुनावून जाणार कुठे तर त्याच्याच दारात. असल्या पुलावरून आलेली आपण माणसं. शेवटी 1917 ला टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ते कितपत चाललं असतं कुणास ठाऊक, दोन वर्षांत ते गेले.

कुणी म्हणेल ही जुनी माणसं. मग मदर तेरेसा घ्या. त्यांची खाजगी पत्रं 2007 ला छापून आली, ती जाळून टाका असं त्यांनी सांगितलं होतं, त्यात दिसतं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्यासारखा वाटलाच नाही, नुसता अंधार. आणि तेवढी सगळी वर्षं त्या कोलकात्यात पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि रस्त्यावरची माणसं उचलत होत्या. ही पत्रं वाचून कॅथलिक चर्चने त्यांना संतपद नाकारलं नाही, 2016 मधे दिलं. मी प्रॉटेस्टंट आहे, संतपदाशी माझा संबंध नाही, पण त्या पत्रांमुळे मला माझ्या चौदा महिन्यांची लाज वाटणं बंद झालं.

एक मात्र मी मान्य करते, नातीलाही सांगितलं. शंका घेऊन कायमचं अंगणातच उभं राहणारेही असतात. त्यांना उत्तर नकोच असतं, प्रश्नाची मजा असते, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले की झाले नास्तिक, आणि दुसरे दोन बघितले की झाले प्रेषित. थोमा तसा नव्हता, तो आठ दिवस थांबला, दाराला कडी होती त्या आतल्या बाजूला. प्रश्न विचारायचा तर उत्तर येईपर्यंत बसायची तयारी पाहिजे आणि बसायला बाक पाहिजे. बाक ठेवणं हे मंडळीचं काम आहे. मत्तयच्या शेवटच्या अध्यायात, गालीलातल्या डोंगरावर, उठलेला येशू समोर उभा आहे आणि तरी कित्येकांना संशय वाटला असं साफ लिहिलंय. आणि पुढच्याच वचनांत येशू त्याच सगळ्यांना जगभर पाठवतो. संशयवाले बाजूला व्हा, बाकीचे या, असं म्हणाला नाही.

पाळकसाहेबांशी मी बोलले. महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास चहाबरोबर प्रश्नोत्तरं ठेवायला ते तयार झालेत, कमिटीत दोघांचा विरोध आहे, बघू. स्तोत्र 88 मोठ्याने वाचायचं मात्र त्यांनी गुड फ्रायडेपर्यंत लांबणीवर टाकलंय. नातीचा मूळ प्रश्न, प्रार्थनेत आपण नक्की काय मागतो, त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मी तिला सांगितलं की तुझ्या आजोबांसाठी मी बरं होणं मागत होते आणि मला ते मिळालं नाही, पण शेवटच्या आठवड्यात मी एकटीच होते असंही मला वाटलं नाही, हे दोन्ही खरं आहे आणि मला ते जोडता येत नाही. ती म्हणाली, हे वर्गात सांगशील का? मी म्हटलं बोलावलं तर सांगेन.

पुढच्या वर्षी ईस्टरला थोमावर काही छापणार असाल तर योहानातल्या तिन्ही जागा घ्या एवढीच विनंती, अध्याय 11, 14 आणि 20. पत्र नातीने टाइप करून दिलंय, चुका तिच्या नाहीत माझ्या आहेत. लांबलंय याची कल्पना आहे, तेव्हा कापायचं झालं तर माझ्या घरचं कापा, लक्ष्मीबाईंचं ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
अहिल्यानगर